बालके निरोगी ठेवल्याची तक्रार

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळात न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन विभागातील सुमारे तीस डॉक्टरांनी आपल्या महापौरांकडे एक अर्ज केला. शहराच्या आरोग्यखात्याने बाल-आरोग्याचा जो स्वतंत्र विभाग उघडला होता तो बंद करावा, अशी त्यांची मागणी होती. कारणही त्यांनी आडपडदा न ठेवता दिले होते. या विभागाच्या कामामुळे मुले आजारी पडेनाशी झाली असून आमच्या व्यवसायाची त्यामुळे हानी होत आहे, असे त्यांचे म्हणणे. अर्ज रीतसर विभागप्रमुखांपुढे अभिप्रायासाठी आला. त्यांनी तो परत पाठवताना एवढेच कळविले की, विभाग स्थापन झाल्यापासून त्याच्या कामाला मिळालेली ही पहिलीच खरी पावती आहे. या विभागप्रमुखांचे नाव डॉ. सारा जोसेफाइन बेकर.

हा अर्ज वाचून त्या डॉक्टरांना हसणे सोपे आहे. परंतु ते काही दुष्ट माणसे नव्हती. गरीब वस्तीत दवाखाना थाटून बसलेला डॉक्टर रुग्ण आला तरच जेवतो. आणि उन्हाळ्यात तान्ह्या मुलांना होणारा अतिसार हा त्या काळी न्यूयॉर्कमधील डॉक्टरांचा ठरलेला हंगाम होता. आजाराचे पैसे मिळतात, आरोग्याचे मिळत नाहीत, ही अडचण त्या व्यवसायाच्या रचनेतच होती आणि ती अद्याप सर्वस्वी दूर झालेली आहे असे म्हणवत नाही. डॉ. बेकर यांचे सारे आयुष्य या अडचणीशी झगडण्यात गेले.

त्यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८७३ रोजी न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी या हडसन नदीकाठच्या गावी झाला. वडील वकील, घर सुस्थितीतले. आई व्हासर महाविद्यालयाच्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी. मुलीनेही तेथेच शिकावे हे जणू ठरलेलेच होते. परंतु जोसेफाइन सोळा वर्षांची असताना प्रथम भाऊ गेला आणि त्यानंतर काही महिन्यांतच विषमज्वराने वडील गेले. घरात मिळवते कोणी उरले नाही. आपणच पुढे घर चालवावयाचे, असे या मुलीने ठरविले आणि त्यासाठी डॉक्टर होण्याचा निर्णय घेतला. घराण्यात कोणी वैद्य नव्हता. नातेवाइकांना तर हा हेका वाटला. साठविलेल्या पैशांतला मोठा भाग या एका शिक्षणावर खर्च करण्याची परवानगी आईने अखेर दिली.

ज्या १८८६ साली आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. होऊन बाहेर पडल्या, त्या वेळी ही मुलगी बारा वर्षांची होती. आनंदीबाईंचे स्वतःचे मूल जन्मानंतर दहा दिवसांत दगावले होते, आणि त्या दुःखातूनच त्यांना सातासमुद्रापलीकडे जाण्याची प्रेरणा मिळाली, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. अमेरिकेतील स्त्रियांना मात्र वैद्यकाचे दार उघडे होते, अशी जी समजूत आपल्याकडे त्यावरून होते ती तितकीशी बरोबर नाही. बहुतेक नामांकित महाविद्यालयांचे दरवाजे त्यांना बंद होते, म्हणूनच तर वेगळी महिला महाविद्यालये काढावी लागली. न्यूयॉर्कमधील अशा महाविद्यालयात, एलिझाबेथ ब्लॅकवेल आणि त्यांची बहीण एमिली यांनी १८६८ साली सुरू केलेल्या संस्थेत, जोसेफाइन बेकर १८९४ मध्ये दाखल झाल्या व १८९८ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडल्या.

या शिक्षणक्रमात त्या एकाच विषयात नापास झाल्या, आणि तो विषय पुढे त्यांच्या आयुष्याचा झाला. डॉ. अ‍ॅनी डॅनियल या अध्यापिका निरोगी बालक या विषयावर व्याख्याने देत असत. रोगच नाही तेथे शिकावयाचे काय, अशा भावनेने या हुशार विद्यार्थिनीने ती व्याख्याने कानाआड केली. परीक्षेत नापास झाल्यावर तोच अभ्यासक्रम पुन्हा करणे भाग पडले. या खेपेस चडफडत का होईना त्या लक्ष देऊन ऐकू लागल्या, आणि निरोगी मूल निरोगी कसे राहते हे शास्त्र आजारी मूल बरे करण्याच्या शास्त्राइतकेच, किंबहुना अधिक गहन आहे, असे त्यांच्या ध्यानात आले. त्या काळच्या वैद्यकीय शिक्षणात हा विषय जवळजवळ कोठेच नव्हता.

बॉस्टनच्या स्त्रिया व मुले यांच्या रुग्णालयात वर्षभर उमेदवारी करून त्यांनी न्यूयॉर्कमध्ये एका मैत्रिणीसह दवाखाना उघडला. पहिल्या वर्षीची मिळकत झाली १८५ डॉलर. स्त्री डॉक्टरकडे येणार कोण? विमा कंपन्यांसाठी तपासण्या करून कशीबशी गुजराण होई. तेव्हा १९०१ साली आरोग्यखात्यात निरीक्षकांच्या जागा निघाल्याची जाहिरात पाहून त्यांनी परीक्षा दिली आणि दरमहा ३० डॉलरांवर शाळातपासनिसाची अर्धवेळ नोकरी धरली. कोणत्याही ध्येयवादाने त्या या क्षेत्रात शिरल्या नव्हत्या. घरभाडे द्यावयाचे होते, हे कारण पुरेसे होते.

१९०२ च्या उन्हाळ्यात त्यांना एक नवे काम मिळाले. हेल्स किचन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पश्चिमेकडच्या वस्तीत घरोघर फिरून आजारी तान्ही मुले हुडकावयाची, हे ते काम. मजल्यावर मजले चढावयाचे, अंधाऱ्या खोल्यांचे दरवाजे ठोठवावयाचे, आणि आत शिरावे तो उकाड्यात लोकरी कपड्यांत गुंडाळलेले, अतिसाराने सुकून गेलेले मूल समोर दिसावयाचे. हजारो बालके प्रत्येक उन्हाळ्यात अशी जात. दूध उघड्या कॅनमधून विकले जाई, त्यात माश्या पडत, भेसळ होई. डॉ. बेकर यांना सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट होती ती आयांची शांतता. उन्हाळ्यात मुले मरावयाचीच, हे त्यांनी ऋतुमानाप्रमाणे स्वीकारले होते. आजारी मूल सापडेपर्यंत त्याला वाचविण्याची वेळ बहुधा टळून गेलेली असते, हा धडा त्या जिन्यांवर त्यांना मिळाला.

आता एका प्रसंगाविषयी लिहिणे प्राप्त आहे, कारण अनेकांना डॉ. बेकर माहीत आहेत त्या या प्रसंगामुळेच. १९०७ मध्ये जॉर्ज सोपर या अभियंत्याने विषमज्वराच्या काही साथींचा माग काढत मेरी मॅलन नावाच्या आयरिश स्वयंपाकिणीचा छडा लावला. ती स्वतः धडधाकट होती. परंतु ती ज्या घरी नोकरीस राही तेथे ताप येई. तिच्या मलमूत्राचे नमुने आणण्यासाठी डॉ. बेकर यांना पाठविण्यात आले. मेरीने दार लावून घेतले. दुसऱ्या दिवशी त्या पोलीस आणि रुग्णवाहिका घेऊन गेल्या, तर मेरी हातात स्वयंपाकाचा लांब काटा घेऊनच सामोरी आली आणि क्षणात दिसेनाशी झाली. कित्येक तासांच्या शोधानंतर शेजारच्या घराच्या जिन्याखालील एका कपाटाच्या दारातून लुगड्याच्या पदराप्रमाणे तिच्या झग्याचा कोपरा डोकावताना दिसला. तिला उचलून गाडीत घालावे लागले आणि रुग्णालय येईपर्यंत डॉ. बेकर तिच्या अंगावर बसून होत्या. तपासणीत विषमज्वराचे जंतू विपुल सापडले. मेरीला एका बेटावर ठेवण्यात आले. १९१० मध्ये सोडले, १९१५ मध्ये पुन्हा धरले आणि १९३८ मध्ये ती तेथेच वारली. जिचे वडील विषमज्वराने गेले तिनेच हे काम करावे, हा योगायोग विलक्षण खरा; परंतु एका निर्दोष बाईला तिच्या शरीरातील जंतूंसाठी आजन्म कैद, हा न्याय होता काय, हा प्रश्न उरतोच. डॉ. बेकर यांनी पुढे मेरीविषयी जे लिहिले त्यात राग नाही. उलट तिच्या हट्टाविषयी काहीसा आदरच आहे.

खरे काम सुरू झाले ते १९०८ च्या उन्हाळ्यात. शाळांना सुट्टी असल्याने शाळांच्या परिचारिका मोकळ्या होत्या. त्यांतील तीस परिचारिका घेऊन डॉ. बेकर यांनी शहराच्या पूर्व भागातील, मुख्यत्वे इटालियन स्थलांतरितांची एक दाट वस्ती निवडली. कल्पना साधी होती. जन्मनोंदणीच्या कचेरीतून आदल्या दिवशी जन्मलेल्या मुलांचे पत्ते रोज घ्यावयाचे आणि मूल निरोगी असतानाच परिचारिकेने त्याच्या घरी जावयाचे. मुलास आईचेच दूध द्यावे, रोज आंघोळ घालावी, खिडकी उघडी ठेवावी, उन्हाळ्यात कपड्यांचे ओझे कमी करावे, एवढेच तिने सांगावयाचे. औषध नाही, इंजेक्शन नाही. उन्हाळा संपला तेव्हा त्या वस्तीत आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यापेक्षा १२०० बालमृत्यू कमी झाले होते. शहराच्या इतर वस्त्यांत मात्र स्थिती होती तशीच होती.

येथे थोडे थांबावयास हवे. पुष्कळ दयाळू माणसांनी पुष्कळ मुले वाचविली आहेत. परंतु एका वस्तीत उपाय करावयाचा, दुसरीत नाही, आणि दोन्हीकडील मृत्यू मोजून ताडून पाहावयाचे, ही दृष्टी दयेहून वेगळी आहे. आजच्या काटेकोर कसोट्यांना १९०८ चा तो प्रयोग उतरणार नाही. वस्त्यांची निवड, हवामान, शेजारपाजारच्या बदलत्या परिस्थितीचा परिणाम यांविषयी शंका काढता येतील. तरीही शासनाला खर्चाचे समर्थन देण्याइतका तो पुरावा भक्कम होता. सुमारे नव्वद वर्षांनी आपल्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत नवजात बालकांची घरच्या घरी देखभाल करण्याचा आणि ४७ गावांशी त्याची तुलना करण्याचा जो प्रयोग केला, त्याची शिस्त अर्थातच कितीतरी अधिक होती. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी उतरले. तेथेही परिचारिकेच्या जागी गावातलीच एक शिकविलेली स्त्री दाराशी जात होती.

ऑगस्ट १९०८ मध्ये न्यूयॉर्कने बाल-आरोग्याचा स्वतंत्र विभाग स्थापन केला. शासकीय पातळीवरचा असा विभाग जगात हा पहिलाच मानला जातो. प्रमुखपदी डॉ. बेकर यांची नेमणूक झाली आणि हाताखालच्या सहा डॉक्टरांनी तत्काळ राजीनामे दिले. स्त्रीच्या हाताखाली काम करणे त्यांना मानवणारे नव्हते. डॉ. बेकर यांनी त्यांना एक महिना काम करून पाहण्याची विनंती केली. महिन्यानंतर सहाही जण तेथेच होते. वरिष्ठांचा धीर मात्र तितका नव्हता. कचेरीच्या कागदांवर त्यांचे नाव डॉ. एस. जे. बेकर असे छापण्यात आले, जेणेकरून एवढ्या मोठ्या पदावर स्त्री आहे हे जनतेच्या सहजासहजी लक्षात येऊ नये. त्याही पुरुषी धाटणीचा कोट, ताठ कॉलर आणि टाय वापरीत. सहकाऱ्यांना आपल्या स्त्रीत्वाची आठवण जितकी कमी होईल तितके काम सुरळीत चालेल, हा त्यामागील हिशेब होता. असा हिशेब करावा लागणे ही त्या काळाची नामुष्की होती, त्यांची नव्हे.

या विभागाची कामे वाचताना जाणवते ती त्यांतील बारकाव्यांची ओढ. जन्मतः मुलांच्या डोळ्यांत परम्याचा संसर्ग होऊन अंधत्व येई. त्यावर सिल्व्हर नायट्रेटचे थेंब हा उपाय माहीत होता. परंतु सुईणींच्या बाटल्यांतले पाणी उडून द्रावण तीव्र होई आणि डोळे भाजत. कधी बाटलीच दूषित असे. डॉ. बेकर यांनी मधमाश्यांच्या मेणाच्या इवल्याशा कुप्या तयार करविल्या. एका कुपीत एका बालकाच्या डोळ्यांपुरतेच औषध. वापरली की टाकली. जन्मांधतेचे हे एक मोठे कारण त्यामुळे शहरातून झपाट्याने ओसरले. सुईणींविषयीही त्यांची भूमिका अशीच व्यवहारी होती. डॉक्टरमंडळींना सुईणींवर बंदी हवी होती. परंतु इटालियन किंवा पूर्व युरोपीय बाई पुरुष डॉक्टरला बाळंतपणात जवळ येऊ देणार नाही, हे डॉ. बेकर जाणून होत्या. त्यांनी सुईणींना शिकविण्याचा आणि परवाने देण्याचा आग्रह धरला; १९११ मध्ये बेलव्ह्यू रुग्णालयात सुईणींची शाळाही निघाली. शिकलेल्या सुईणीच्या हातून होणारी बाळंतपणे डॉक्टरांच्या तुलनेत कमी सुरक्षित नसतात, असे आकडे दाखवून त्यांनी आपल्याच व्यवसायबंधूंचा रोष ओढवून घेतला.

कामाला जाणाऱ्या आयांची तान्ही भावंडे आठ-दहा वर्षांच्या थोरल्या बहिणींच्या कडेवर असत. ते चूक आहे असे सांगून काय उपयोग? त्यांनी या मुलींचेच वर्ग काढले. दूध कसे तापवावे, बाळाला कसे न्हाऊ घालावे, हे शिकून हजारो मुली तयार झाल्या आणि त्यांनी शेजारणींनाही शिकविले. अनाथ अर्भके चकचकीत संस्थांमध्ये मोठ्या संख्येने दगावतात, हे पाहून त्यांनी ती झोपडीवजा घरांतील अनुभवी आयांकडे सांभाळावयास दिली. संस्थेतील स्वच्छतेपेक्षा कुशीतील ऊब मुलांना अधिक मानवली. बाळाचे कपडे डोक्यावरून न घालता पुढून उघडणारे असावेत, ही आज क्षुल्लक वाटणारी सुधारणाही त्यांचीच. तिचे कापणीचे नमुने एका बड्या विमा कंपनीने आपल्या विमेदारांना वाटण्यासाठी मागविले. मेलेल्या विमेदाराचे पैसे कंपनीला द्यावे लागतात. रोगप्रतिबंधाचे महत्त्व डॉक्टरांच्या आधी विमा कंपनीला कळावे, याचे कारण उघड आहे.

शाळांमध्येही असाच अनुभव आला होता. पूर्वी तपासनीस डॉक्टर खुपऱ्या, गजकर्ण, उवा असलेल्या मुलांना घरी हाकलून देत. ती मुले दुपारी रस्त्यावर त्याच वर्गमित्रांशी खेळत. वर्गच्या वर्ग ओस पडले, रोग जागच्या जागी. लिलियन वॉल्ड यांच्या आग्रहाने १९०२ मध्ये शाळांत परिचारिका आल्या, त्यांनी उपचार केले आणि मुले वर्गात परतली. पुढे १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत अमेरिकेतील बहुतेक शहरांनी शाळा बंद केल्या, तेव्हा न्यूयॉर्कने त्या चालू ठेवल्या. कोंदट घरापेक्षा शाळेत मूल रोज तपासता येते, हा डॉ. बेकर यांचा युक्तिवाद आरोग्य आयुक्तांनी मानला होता. २०२० नंतरचा अनुभव ज्यांच्या स्मरणात आहे, त्या शिक्षकांना या निर्णयामागील धाडस वेगळे सांगावयास नको.

आणि तरीही याच स्त्रीला पदवीसाठी भांडावे लागले. न्यूयॉर्क विद्यापीठाने सार्वजनिक आरोग्याचा डॉक्टरेट अभ्यासक्रम काढला आणि बाल-आरोग्यावर व्याख्याने देण्यासाठी डॉ. बेकर यांना पाचारण केले. स्वतःकडे ती पदवी नसताना ती घेणाऱ्यांना शिकविणे त्यांना प्रशस्त वाटेना. शिकविण्याच्या बदल्यात मला विद्यार्थिनी म्हणून प्रवेश द्या, अशी अट त्यांनी घातली. विद्यापीठ स्त्रियांना प्रवेश देत नाही, असे उत्तर आले. मग मीही शिकविणार नाही, हे त्यांचे प्रत्युत्तर. दुसरा जाणकार शोधूनही मिळाला नाही, तेव्हा विद्यापीठाला नमावे लागले आणि त्यांच्याबरोबर इतर स्त्रियांनाही ते दार उघडले. वर्गखोल्यांतील हवेशीरपणा आणि मुलांचे श्वसनरोग यांच्या संबंधावर प्रबंध लिहून १९१७ मध्ये त्यांनी ती पदवी मिळविली. पंधरा वर्षे त्यांनी तेथे शिकविले. वर्गातील पुरुष विद्यार्थी त्यांना टाळ्या पिटून खाली बसविण्याचा प्रयत्न करीत. त्या टाळ्या थांबेपर्यंत उभ्या राहत आणि मग शिकवीत.

महायुद्धाच्या काळात त्यांनी एक विलक्षण तुलना मांडली. अमेरिकेत बालक म्हणून जन्माला येण्यापेक्षा फ्रान्समधील खंदकात सैनिक म्हणून राहणे अधिक सुरक्षित आहे, असे त्यांनी मृत्यूचे आकडे देऊन सांगितले. वर्तमानपत्रांनी ते उचलून धरले आणि निधीच्या थैल्या थोड्या सैल झाल्या. १९०७ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये जन्मणाऱ्या हजार बालकांपैकी सुमारे १४० वर्षाच्या आत मरत. १९२३ मध्ये त्या निवृत्त झाल्या तेव्हा हे प्रमाण ७० च्या आत आले होते. हे सारे श्रेय एका विभागाला देणे अन्यायाचे होईल. दुधाचे पाश्चरीकरण, शुद्ध पाणी, बरी घरे, वाढते वेतन हे सर्व याच काळात घडत होते. परंतु पाश्चरीकृत दूध तेच का घ्यावे, हे चौथ्या मजल्यावरच्या आईला जाऊन सांगणारे कोणीतरी लागतेच.

ब्रुकलिनच्या अर्जातील भीती मात्र तेथेच संपली नाही. काँग्रेसच्या एका समितीपुढे एका डॉक्टरने असा प्रश्न केला होता की, सरकारी खर्चाने बायकामुलांचे प्राण वाचवावयाचे ठरले, तर होतकरू तरुणांनी वैद्यक शिकावे तरी कशासाठी? १९२१ मध्ये माता व बालके यांच्या आरोग्यासाठी राज्यांना केंद्रीय निधी देणारा शेपर्ड-टाउनर कायदा झाला. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने त्याला कडाडून विरोध केला. १९२२ च्या अधिवेशनात त्याच संघटनेच्या बालरोग शाखेने मात्र कायद्याला पाठिंबा दिला आणि त्याबद्दल तिला कानपिचक्या मिळाल्या. १९२९ मध्ये कायद्याची मुदत संपू देण्यात आली. पुढच्याच वर्षी, १९३० मध्ये, ३५ बालरोगतज्ज्ञांनी वेगळी चूल मांडून अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्स स्थापन केली. मुलांचा डॉक्टर व्हावयाचे तर प्रसंगी आपल्याच संघटनेच्या विरुद्ध उभे राहावे लागते, हे डॉ. बेकर यांना वीस वर्षे आधीच कळलेले होते.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा अमेरिकेच्या ४८ ही राज्यांत बाल-आरोग्य विभाग निघालेले होते. राष्ट्रसंघाच्या आरोग्य समितीवर त्यांनी काही काळ काम केले, १९३५ मध्ये महिला डॉक्टरांच्या संघटनेचे अध्यक्षपद भूषविले. उत्तरायुष्य न्यू जर्सीतील प्रिन्स्टन परिसरात, लेखिका आय. ए. आर. वायली आणि आफ्रिकेतील निद्रारोगावर संशोधन केलेल्या डॉ. लुईस पियर्स यांच्या सहवासात गेले. १९३९ मध्ये आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. ब्रुकलिनच्या त्या अर्जाची हकीगत त्यांनी त्यात मोठ्या खुषीने सांगितली आहे. २२ फेब्रुवारी १९४५ रोजी न्यूयॉर्क येथे कर्करोगाने त्यांचे निधन झाले.